कातळाच्या पोटातील दाब : तो मोजावा कसा?



वसंत ऋतूतील या व्याख्यानांना आपण येता ते साहित्य, इतिहास, राजकारण, अध्यात्म यांविषयी काही ऐकावे म्हणून. आज आम्ही आपल्याला जमिनीच्या खाली, काही शे मीटरांपासून काही किलोमीटरपर्यंत, निव्वळ कातळात नेणार आहोत. तिथे ना हिरवळ आहे ना वारा. पण तिथे एक प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरावर वर राहणाऱ्या माणसांचे पुष्कळ काही अवलंबून आहे. प्रश्न असा, की खोलवरचा दगड किती दाबला गेला आहे, कोणत्या दिशेने दाबला गेला आहे, आणि हे आपल्याला कळावे कसे?

शास्त्रीय परिभाषेत याला प्रतिबल म्हणतात. आम्ही आज साधा ‘दाब’ हाच शब्द वापरू. एवढेच ध्यानात ठेवावे, की पाण्यातला दाब सर्व बाजूंनी सारखा असतो. दगडातला तसा नसतो. वरून एक, पूर्व-पश्चिम दुसरा आणि दक्षिणोत्तर तिसराच, असे तो असू शकतो. म्हणून एका आकड्याने तेथे भागत नाही. तीन दाब आणि त्यांच्या दिशा, मिळून सहा आकडे लागतात.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. त्या तीन किलोमीटरांहून खोल गेल्या होत्या. तिथल्या कामगारांना कातळाचे स्फोट हे संकट चांगले परिचयाचे होते. भिंत उभी आहे, छत शाबूत आहे, आणि एकाएकी दगड तोफेसारखा फुटतो. सुरुंग नाही, दारू नाही. दगडात कोंडलेला दाबच मोकळा होतो. या कातळस्फोटांच्या अनुभवाच्या भूमीवरच १९८८ साली राष्ट्रीय शैलयांत्रिकी संस्था उभी राहिली. जी गोष्ट खाणीची तीच भूमिगत वीजगृहाची, बोगद्याची आणि, पुढे आपण पाहू त्याप्रमाणे, भूकंपाचीही.

आता या दाबाचा अंदाज आधी करून पाहू. दगड पाण्याच्या सुमारे २.७ पट जड. म्हणजे दर शंभर मीटर खोलीला वरच्या दगडाचे ओझे दर चौरस सेंटीमीटरला २७ किलो. एक किलोमीटरवर ते २७० किलो झाले. घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला जादा दाब जेमतेम एक किलो असतो, आणि मोटारीच्या टायरात दोन किलोंच्या आसपास असतो. यावरून २७० किलो म्हणजे काय, याची कल्पना यावी.

हे वरचे ओझे झाले. बाजूचा दाब किती? येथे शास्त्रज्ञांत मतभेद होता. स्विस भूशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम याने १८७८ साली असे मांडले, की अतिखोल दगड युगानुयुगे दबून पाण्यासारखाच वागू लागतो, तेव्हा बाजूचा दाबही वरच्याइतकाच असणार. दुसरा पक्ष स्थितिस्थापकतेचे गणित मांडून म्हणे, की बाजूचा दाब वरच्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका असावा. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद कागदावर निर्दोष होते. उणीव एकच होती. कोणी मोजून पाहिले नव्हते.

स्वीडनमधील नील्स हास्ट याने १९५० नंतरच्या दशकात खाणींमध्ये उतरून मोजले आणि १९५८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथे बाजूचा दाब वरच्या ओझ्याहून कमी नव्हता, बरोबरीचाही नव्हता. उलट कितीतरी जास्त होता. वरचे ओझे हेच सर्वस्व, या समजुतीला धक्का बसला. पुढे भूपट्टांच्या हालचालींचे ज्ञान झाल्यावर याची संगती लागली. सारी भूमीच आडवी रेटली जात आहे. ब्राऊन आणि होक यांनी १९७८ मध्ये जगभरची मोजमापे एकत्र केली, तेव्हा वरचा दाब ओझ्याच्या हिशेबाशी सरासरीने जुळला. बाजूचा दाब मात्र, विशेषतः कमी खोलीवर, एका ठिकाणी अर्धा तर दुसऱ्या ठिकाणी तिप्पट असा आढळला. म्हणजे बाजूच्या दाबाला सूत्र नाही. तो जागोजाग मोजावाच लागतो.

आणि खरी अडचण येथूनच सुरू होते. ताप पाहायला आपण थर्मामीटर लावतो, तसे दगडात दाबमापक खुपसून का पाहू नये? कारण खुपसायला भोक पाडावे लागते, आणि भोक पाडताच तिथला दाब बदलतो. नदीच्या प्रवाहात पुलाचा खांब आला म्हणजे पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी दाटून जाते. तसा दगडातला दाब भोकाच्या भोवती वळसा घेतो, एका बाजूला दाटतो, दुसऱ्या बाजूला विरळ होतो. जे मोजायचे ते मोजू जाताच बिघडते. म्हणून दगडातला दाब आजवर कोणी सरळ मोजलेला नाही. दगडाला काही तरी करायचे, तो कसा वागतो ते पाहायचे आणि त्यावरून दाब ताडायचा, एवढेच आपल्या हाती आहे. सगळ्या पद्धतींतला फरक आहे तो हे ‘काही तरी’ कोणते, यात.

खानदेश-वऱ्हाडात ज्यांनी कापसाच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधताना पाहिल्या असतील त्यांना हे पटकन समजेल. गाठ लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली आहे. आत रुई किती दाबाने कोंबली आहे हे बाहेरून कळावे कसे? एक उपाय, पट्ट्या कापा आणि गाठ किती फुगते ते पाहा. दुसरा, फुगलेली गाठ पुन्हा पूर्वीइतकी होईपर्यंत दाबा, आणि त्याला किती जोर लागला ते वाचा. तिसरा, पट्ट्या न कापता गाठीत पाचर घाला आणि ती शिरायला किती जोर लागतो ते पाहा. दगडाच्या बाबतीतही मुख्य पद्धती या तीनच आहेत.

पहिली, पट्ट्या कापण्याची. दाब मोकळा करून मोजण्याचे काम अमेरिकेत हूव्हर धरणाच्या बोगद्यात १९३२ च्या सुमारासच झाले होते. आजचे तिचे रूप त्याहून पुष्कळ सुधारलेले आहे. आधी एक रुंद भोक घ्यायचे. त्याच्या तळाशी मध्यभागी एक बारीक भोक घ्यायचे आणि त्याच्या भिंतीला अतिसूक्ष्म लांबी मोजणाऱ्या विद्युत् पट्ट्या निरनिराळ्या दिशांनी चिकटवायच्या. मग हिरकण्या बसवलेल्या रुंद नळीने त्याभोवतीचा दगड कापत पुढे जायचे. मधला दंडगोल सभोवतालच्या कातळापासून सुटा होतो, त्याच्यावरचा दाब जातो आणि तो किंचित फुगतो. ही वाढ केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते, पण पट्ट्या ती टिपतात. नंतर तोच दंडगोल वर आणून, दाबून, त्याचा ताठरपणा काढतात आणि दोहोंवरून दाबाचे गणित करतात. दक्षिण आफ्रिकेत लीमन याने १९६० नंतर आणि ऑस्ट्रेलियात वोरोत्निकी व वॉल्टन यांनी १९७६ मध्ये यासाठी जी उपकरणे तयार केली, त्यांच्यामुळे एकाच जागी, एकाच खटपटीत, साहीच्या साही आकडे मिळू लागले. हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

पण तिचे उणेही ऐकावे. डिंक नीट धरला पाहिजे, आणि ओल्या भोकात हे सोपे नाही. मुठीत मावेल एवढ्याच दगडाची ही साक्ष; दोन हातांवर दुसराच आकडा येऊ शकतो. आणि सगळ्यांत मोठे गृहीत हे, की दगड रबरासारखा वागतो, दाब जाताच जेवढ्यास तेवढा फुगतो. खोलवर दाब फार असला म्हणजे दगड सुटतानाच आतून बारीक चिरतो. कधी तर गाभा अखंड वर येतच नाही. काकडीच्या चकत्यांसारख्या त्याच्या चकत्या होऊन येतात. मग फुगला तो दाब गेल्यामुळे किती आणि चिरल्यामुळे किती, हे सांगणे कठीण. ही पद्धत बहुधा बोगद्यातून थोड्या अंतरावर वापरतात. स्वीडनमधील उपकरणांनी ती उभ्या विंधणांत काही शे मीटर खोल नेली आहे, पण कित्येक किलोमीटरवर तिचा उपयोग नाही.

दुसरी पद्धत पुन्हा दाबण्याची. ती फ्रान्समध्ये १९५१ च्या सुमारास पुढे आली. बोगद्याच्या भिंतीत दोन खुणा रोवून त्यांच्यामधले अंतर नेमके मोजतात. मग त्यांच्या मधोमध एक चपटी खाच कापतात. दाबलेला दगड खाचेत सरकतो आणि खुणा जवळ येतात. खाचेत पोलादी पत्र्याची चपटी पिशवी घालून तेल भरतात आणि खुणा पहिल्या जागी परत जाईपर्यंत दाबतात. त्या वेळी तेलाचा जो दाब, तोच दगडातला. तराजूत एका पारड्यात वजने टाकीत जावे आणि काटा मध्यावर आला की थांबावे, तसेच हे. दगडाचा ताठरपणा ठाऊक असण्याची गरज नाही. गणित थोडे, म्हणून चुकीला जागाही थोडी. जुन्या दगडी इमारतींच्या भिंतींवर किती भार आहे हे पाहण्यासाठीही हीच युक्ती वापरली जाते. पण हात पोचतो तो भिंतीच्या कातडीपर्यंतच. ती कातडी सुरुंगांनी खिळखिळी झालेली असते. एका खाचेतून एकाच दिशेचा दाब कळतो, आणि तोही बोगदा खणल्यामुळे बदललेला.

तिसरी पद्धत पाचरीची; आणि पाचर आहे पाण्याची. हबर्ट आणि विलिस यांनी १९५७ मध्ये तेलविहिरींच्या अनुभवावरून तिचे तत्त्व सांगितले. फेअरहर्स्ट आणि हायम्सन यांनी १९६० नंतर तिला मोजण्याच्या पद्धतीचे रूप दिले. विंधणाचा सुमारे एक मीटरचा भाग वर-खाली रबरी बुचे फुगवून बंद करतात आणि त्यात पाणी रेटतात. एका क्षणी दगड तडकतो. मग पंप थांबवून नळ बंद करतात. दाब झपाट्याने उतरतो आणि एका आकड्यावर रेंगाळतो. चीर मिटू पाहते आहे आणि पाणी तिला मिटू देत नाही, अशी ती बरोबरी आहे. जत्रेच्या गर्दीत माणूस जिथे रेटा सर्वांत कमी त्या बाजूला कोपर सारून वाट काढतो. चीरही तशीच सर्वांत कमी दाबाला मागे रेटून उघडते. म्हणून हा आकडा सर्वांत लहान दाबाचा. चिरेचा ठसा घेतला की दिशाही कळते.

या पद्धतीचे बळ तिच्या पल्ल्यात आहे. जर्मनीत विंडिशएशेनबाख येथे १९९४ साली ९१०१ मीटरांपर्यंत विंधण गेले. तळाशी सुमारे २६५ अंश उष्णता होती. तिथे पट्ट्या चिकटवण्याची गोष्टच नको. पाणी मात्र तिथेही पोचले. लहान दाब ती विश्वासाने सांगते आणि ताठरपणाचे गणितही मागत नाही. पण सर्वांत मोठा दाब ती सरळ सांगत नाही. तो तडकण्याच्या आणि चीर पुन्हा उघडण्याच्या आकड्यांवरून, दोन-तीन गृहीते धरून, काढावा लागतो. आणि जिथे वरचाच दाब सर्वांत लहान असतो तिथे तर चीर आडवी पडते आणि फक्त वरच्या ओझ्याची बातमी आणते, जी आपल्याला आधीच ठाऊक होती! यावर कॉर्ने आणि व्हालेत यांनी १९८४ मध्ये तोड काढली. नवी चीर पाडण्याऐवजी निरनिराळ्या दिशांच्या जुन्या चिरा उघडायच्या आणि प्रत्येकीची साक्ष घ्यायची.

यांशिवाय एक चौथी साक्ष आहे, तिच्यासाठी दगडाला निराळे काही करावे लागत नाही. खोल विंधणाच्या भिंती, दाब जिथे दाटतो तिथे, समोरासमोर आपोआप ढासळतात आणि गोल भोक लांबट होते. बेल आणि गॉफ यांनी १९७९ मध्ये कॅनडातील तेलविहिरींवरून दाखवून दिले, की या लांबटपणाची दिशा म्हणजेच आडव्या लहान दाबाची दिशा. दिशेच्या बाबतीत ही साक्ष फार चोख. आकड्याच्या बाबतीत मात्र सैल.

आता साहजिकच आपण विचाराल, की यांतली सर्वांत चांगली पद्धत कोणती? उत्तरादाखल दोन ठिकाणची हकीकत सांगतो.

कॅनडात मॅनिटोबा प्रांतात अणुशक्तीच्या टाकाऊ द्रव्यासंबंधी प्रयोग करण्यासाठी जवळजवळ अखंड ग्रॅनाइटमध्ये एक भूमिगत प्रयोगशाळा खणली होती. ती आता बंद झाली आहे. तिथे ४२० मीटर खोलीवर वरचे ओझे दर चौरस सेंटीमीटरला ११० किलोंच्या आसपास. पहिल्या पद्धतीने मोजावे तर गाभ्यात सूक्ष्म चिरा पडून आकडे बेभरवशाचे निघत. पाण्याने मोजावे तर चिरा आडव्या पडत. दोन्ही साक्षीदार निरुपयोगी झाले! तेव्हा शास्त्रज्ञांनी बोगद्यालाच साक्षीला बोलावले. साडेतीन मीटर व्यासाचा एक बोगदा त्यांनी सुरुंग न लावता, दगड हळूहळू फोडून खणला आणि त्याच्या भिंती किती आत आल्या ते मोजले. छत आणि जमीन यांच्या जवळ दगडाचे पापुद्रे सुटून टोकदार खाच पडली. ती दिशा पाहिली. या सगळ्यांवरून जे निघाले ते असे : आडवा मोठा दाब सुमारे ६०० किलो, म्हणजे वरच्या ओझ्याच्या पाचपटीहून अधिक. केवळ ओझ्याच्या हिशेबावर विसंबून जो बोगदा खणील त्याची काय गत होईल, ते सांगायला नको.

दुसरे ठिकाण स्वीडनमधील फॉर्समार्क. तिथे वापरलेले अणुइंधन तांब्याच्या डब्यांत बंद करून सुमारे पाचशे मीटर खोल कातळात कायमचे पुरायचे आहे. कायमचे म्हणजे एक लाख वर्षे. सरकारने २०२२ मध्ये परवानगी दिली आणि २०२५ च्या जानेवारीत काम सुरू झाले. त्याआधी कित्येक वर्षे तेथील दाब मोजणे चालले होते. पट्ट्या कापण्याच्या पद्धतीने आडवा मोठा दाब जो आला, त्याच्या जवळजवळ निम्माच पाण्याच्या पद्धतीने आला. दोन्हीकडे अनुभवी माणसे, दोन्हीकडे उत्तम उपकरणे, आणि उत्तरांत दुपटीचा फरक! डब्यांसाठी पाडलेल्या भोकांच्या भिंती टिकतील की ढासळतील, हे याच आकड्यावर ठरायचे.

अशा वेळी माणसाला दोन मोह होतात. एक, दोन आकड्यांची सरासरी घेऊन मोकळे होण्याचा. दुसरा, सोयीचा तेवढा आकडा ठेवून दुसरा फायलीत गाडण्याचा. दोन्ही चुकीचे. एका साक्षीदाराने आरोपीला पुण्यात पाहिले, दुसऱ्याने मुंबईत, म्हणून तो लोणावळ्यात होता असा निकाल कोणी देत नाही. स्वीडनच्या मंडळींनी दोन्ही आकडे छापून लोकांपुढे ठेवले, आणि फरक का पडला ते शोधले. तिथे वरचा दाबच सर्वांत लहान, त्यामुळे मोठ्या दाबाच्या बाबतीत पाण्याची साक्ष दुबळी. उलट गाभ्यातील सूक्ष्म चिरांमुळे पहिली पद्धत आकडा फुगवून सांगण्याचा संभव. मग त्यांनी पाहिले, की दोन्ही पद्धती एका गोष्टीत मात्र एकमत आहेत, आणि ती म्हणजे दिशा : वायव्य-आग्नेय. तेव्हा बोगदे त्याच दिशेच्या रोखाने घ्यायचे आणि आराखडा मोठा आकडा धरून करायचा, असे ठरले. म्हणजे दाब मोठा निघाला तरी भिंतींवर त्याचा मारा कमीत कमी व्हावा. जिथे साक्षीदार एकमत तिथे भरवसा ठेवला; जिथे दुमत तिथे सावधगिरी ठेवली. आमच्या मते या साऱ्या विषयाचे सार यात आहे.

आता आपण आपल्या घरी येऊ. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.३ होती आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १९६२ मध्ये जलाशयात पाणी साठू लागल्यापासून जे धक्के सुरू झाले, ते आजतागायत अधूनमधून होतच असतात. पाणी आणि भूकंप यांचा संबंध समजायचा तर खालच्या कातळातील दाब समजला पाहिजे. कारण प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना दाब आवळून धरतो, आणि फटींत शिरलेले पाणी ती आवळ सैल करते. कितपत सैल झाली म्हणजे कातळ सरकेल, हा प्रश्न.

हे नुसते तर्कट नव्हे. अमेरिकेत कोलोराडोतील रेंजली या तेलक्षेत्रात १९६९ पासून काही वर्षे एक धाडसी प्रयोग झाला. तेलासाठी पाणी रेटल्याने तिथे लहान भूकंप होत. शास्त्रज्ञांनी पाण्याच्या पद्धतीने कातळातील दाब मोजला, भूकंपांच्या लहरींवरून प्रस्तरभंगाची दिशा काढली, त्याच दगडाचे घर्षण प्रयोगशाळेत पाहिले. या तीन साक्षींवरून गणित केले, की फटीतील पाण्याचा दाब सुमारे २५७ बारच्या वर गेला तर धक्के होतील. एक बार म्हणजे आपला जवळजवळ एक किलोच. मग पाणी उपसून दाब खाली आणला, धक्के ओसरले. वर नेला, पुन्हा सुरू झाले. गणित आणि अनुभव जवळपास जुळले. माणसाने जमिनीच्या पोटातील दाब मोजून भूकंपाविषयी आधी बोलावे आणि ते खरे ठरावे, ही मोठी गोष्ट होय.

कोयनेला ते इतके सोपे नाही. तिथले धक्के कित्येक किलोमीटर खोल होतात, आणि जलाशय काही पंप नव्हे की हवा तेव्हा चालू-बंद करावा. परंतु पहिले पाऊल पडले आहे. कराडला भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची संशोधनशाळा उभी आहे. कोयना भागात गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल चाचणी-विंधण पुरे झाले. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ तिथे सुमारे १२५० मीटर जाड निघाला. त्याखाली त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइटी पाया आहे. त्या पायातला दाब किती, कोणत्या दिशेचा, हे जाणणे हा या कामाचा एक मुख्य हेतू. विंधणाच्या भिंतींची चित्रे, पाण्याची पाचर, गाभ्यावरचे प्रयोग, भूकंपांच्या नोंदी, अशा सगळ्या साक्षी एकमेकींवर घासून घेणे हेच तिथले खरे काम आहे.

म्हणून श्रोतेहो, उद्या वर्तमानपत्रात आपण वाचाल, की अमुक खोलीवर दाब इतका आहे. कोठे बोगदा होईल, कोठे नवे भूमिगत वीजगृह होईल, आणि तज्ज्ञ एक आकडा सांगतील. त्यांना आपण आदराने दोन प्रश्न विचारावेत. हा आकडा कोणत्या पद्धतीने काढला? आणि दुसऱ्या पद्धतीने काय आला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारा तज्ज्ञ जाणकार समजावा. दुसऱ्याचे उत्तर, ते गैरसोयीचे असले तरी, न लपवता देणारा विश्वासू समजावा. दगड खोटे बोलत नाही हे खरे. पण तो आपल्या भाषेत बोलत नाही, आणि त्याचा प्रत्येक दुभाष्या कोठे ना कोठे अडखळतो. तेव्हा दुभाषे एकाहून अधिक असावेत आणि ते कोठे अडखळतात हे आपल्याला ठाऊक असावे, यातच शहाणपण आहे.